रेवदंड्याला कोण उतरणार?

अलिबागहून मुरूडकडे निघालेली एस.टी. नागाव-चौलच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांतून वळणे घेत येते आणि एका जुन्या तटबंदीतून आत शिरते. तेथे कंडक्टर हाळी देतो, "रेवदंडा! रेवदंड्याला कोण उतरणार?" गेल्या वर्षी उपवासकाळ सुरू होण्यापूर्वीच्या आठवड्यात ही हाळी माझ्या कानी पडली, तेव्हा बाजाराच्या पिशव्या सांभाळणाऱ्या चार बाया, शाळेची दोन मुले आणि मी एवढेच खाली उतरलो. पाठीवर बोजे अडकवलेली, काळे चष्मे लावलेली दहा-बारा तरुण मंडळी जागची हलली नाहीत. त्यांना काशीदचा समुद्रकिनारा गाठायचा होता, पुढे जंजिरा पाहायचा होता. गाडी धूळ उडवीत साळावच्या पुलाकडे निघून गेली आणि रस्त्यावर दुपारची शांतता पुन्हा पसरली.

त्या तरुणांना नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. त्याआधी दोन वर्षे मीही याच रस्त्याने गेलो होतो आणि मीही उतरलो नव्हतो. आमच्या धर्मग्रामातील युवकांची सहल होती, मुक्कामाचे ठिकाण मुरूड, आणि बसमध्ये गाण्यांचा धुमाकूळ चालला होता. तटबंदीतून गाडी आत शिरली तेव्हा पुढच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "फादर, ही भिंत कसली?" मी घड्याळात पाहिले आणि म्हणालो, "पोर्तुगीजांचा जुना किल्ला आहे. आपल्या वसईसारखाच." मुलगा "अच्छा" म्हणाला आणि गाणे पुढे चालू झाले. प्रश्न विचारणारा पंधरा वर्षांचा होता, उत्तर देणारा पंचवीस वर्षांहून अधिक काळ धर्मगुरू होता, आणि त्या उत्तरात काडीइतकाही अर्थ नव्हता. ते उत्तर मला पुढे टोचत राहिले. म्हणून मी दोन दिवसांची सवड काढून एकटाच निघालो.

या लेखाला प्रवासवर्णन म्हणता येणार नाही. ही एक तक्रार आहे, आणि ती प्रथम माझ्याविरुद्ध व मग, वाचकहो, तुमच्याविरुद्ध आहे.

आपण कॅथलिक मंडळी प्रवास पुष्कळ करतो. धर्मग्रामाच्या सूचनाफलकावर वर्षभर कोठल्या ना कोठल्या यात्रेचे पत्रक लागलेले असते. वेलंकनी असते, जुने गोवे असते, ऐपत असेल त्याला रोम आणि पवित्र भूमी असते. २०२४ च्या नोव्हेंबरपासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत संत फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांचे दर्शन जुन्या गोव्यात खुले होते, तेव्हा आमच्या भागातूनही भाविकांच्या गाड्या गेल्या. त्यात गैर काहीच नाही. परंतु या यात्रांचा एक साचा बनून गेला आहे. उतरायचे, फोटो काढायचे, मेणबत्ती लावायची, जेवायचे आणि पुढच्या ठिकाणाकडे निघायचे. ज्या गावी काहीही 'पाहण्यासारखे' नाही, तेथे कोणी उतरत नाही.

मराठीत 'अवशेष' हा शब्द दोन अर्थांनी चालतो. संतांच्या अस्थींना आपण अवशेष म्हणतो आणि पडक्या वास्तूंनाही अवशेषच म्हणतो. एकापुढे गुडघे टेकतो, दुसऱ्यापुढे छायाचित्र काढतो. तिसऱ्या प्रकारच्या अवशेषाला मात्र आपल्याकडे नावच नाही. जे अजून जिवंत आहे, चालते-बोलते आहे, पण एका पिढीत संपणार आहे, त्याला काय म्हणावे? ते रेवदंड्याला उतरल्यावर मला दिसले.

रेवदंडा हे गाव मुळी किल्ल्याच्या पोटात वसलेले आहे. चौलचे बंदर ग्रीक आणि अरब प्रवाशांना ठाऊक होते. पंधराव्या शतकात, १४६९ च्या सुमारास, अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी येथेच भारताच्या भूमीवर उतरला आणि त्याचे स्मारक आज गावात आहे. १५०८ साली येथील खाडीच्या तोंडाशी झालेल्या आरमारी लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. पुढे १५२१ च्या सुमारास निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगीजांनी येथे वखार घातली, तट उभारले, आणि १५७०-७१ चा निजामशाही वेढा या तटांनी सोसला. खाडीपलीकडचा कोर्लईचा डोंगरी किल्ला १५९४ साली त्यांच्या हाती आला. आतल्या शहरात फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन व येशूसंघीय अशा साऱ्या संघांची मंदिरे आणि मठ उभे राहिले. वसई १७३९ साली पडली आणि त्यानंतरच्या वर्षी, १७४० साली, रेवदंडा व कोर्लई तहाने मराठ्यांच्या स्वाधीन झाले.

ही इतिहासाची यादी झाली. प्रत्यक्षात तेथे दिसतात त्या वाड्या. ज्या भूमीवर शहर होते तेथे आज माड आणि पोफळी आहेत, विहिरी आहेत, पाटाचे पाणी खळखळते, अंगणात सुपारी वाळत पडलेली असते. त्या हिरव्या अंधारात मधूनच एक कमान उभी दिसते. वाडीत पाणी सोडणाऱ्या एका गृहस्थाला मी देवळाची वाट विचारली. "चर्च होय? ते काय, त्या माडांच्या मागं. जा की आत. कुत्रं भुंकतं, पण काही करत नाही," असे म्हणून ते पुन्हा आपल्या कामाला लागले. फ्रान्सिस्कनांच्या मंदिराचा मनोरा आजही उंच उभा आहे. लोक त्याला सातखणी म्हणतात, जरी सातही खण आता उरलेले नाहीत. दुसऱ्या एका पडक्या मंदिरात वेदीच्या जागी पिंपळाची मुळे भिंतीला कवटाळून बसली होती. तेथे मी थोडा वेळ बसलो आणि दुपारची प्रार्थना म्हटली.

अशा ठिकाणी ऊर अभिमानाने भरून येईल, असे मला वाटले होते. तसे काही झाले नाही. या भग्न वास्तूंकडे पाहण्याच्या दोन रीती आपल्याकडे रूढ आहेत आणि त्या दोन्ही मला तेथे खोट्या वाटल्या. पहिली रीत आपल्यातल्या काहींची आहे. 'काय ते वैभव होते, काय ती मंदिरे होती' असा उसासा टाकायचा, जणू पोर्तुगीजांचा झेंडा उतरला त्या दिवशी आपली श्रद्धा पोरकी झाली. दुसरी रीत आपल्यावर बोट रोखणाऱ्यांची आहे. 'तुम्ही त्या फिरंग्यांचे उरलेले' असे ते म्हणतात, जणू झेंडा उतरल्यावर आपणही जहाजात बसून जायला हवे होते. या दोन्ही पक्षांचे एका गोष्टीवर एकमत आहे. श्रद्धा म्हणजे तटबंदी, आणि तट पडला की श्रद्धेचा आधार गेला, असे दोघेही धरून चालतात.

त्याच गावात, त्या भग्न मंदिरांपासून फार दूर नव्हे, बेने इस्रायल समाजाचे जुने सभास्थान आहे. या समाजामागे कोणत्या राजाचा तट होता? कोकणच्या किनाऱ्यावर तेल गाळून, शनिवारी घाणा बंद ठेवून 'शनिवार तेली' हे नाव मिळवणाऱ्या त्या माणसांनी शेकडो वर्षे आपला शब्बाथ पाळला आणि मराठी बोलली. १९४८ नंतर त्यांतले बहुतेक इस्रायलला गेले. तेथेही त्यांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालवले. ज्यांच्या धर्मग्रंथाची भाषा हिब्रू आणि नव्या देशाची भाषाही हिब्रू, त्यांना मराठीची गरज काय होती, हा प्रश्न त्या सभास्थानाच्या दारात उभा असताना मला पडला. उत्तर दुसऱ्या दिवशी कोर्लईत मिळाले.

कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल ओलांडला की साळाव लागते आणि तेथून उजवीकडे, समुद्राच्या कडेने, कोर्लई. पूल होण्यापूर्वी माणसे तरीने ये-जा करीत. कोर्लईच्या टोकावर समुद्रात घुसलेल्या डोंगरावर किल्ला आहे, पायथ्याशी दीपस्तंभ आहे. हौशी पर्यटक हल्ली तेथवर येतात, किल्ला चढतात, उतरतात आणि जातात. गावात मात्र थांबत नाहीत. गावातल्या माउंट कार्मेलच्या मंदिराभोवती ख्रिस्ती वस्ती आहे, आणि त्या वस्तीत अशी एक भाषा बोलली जाते जी साऱ्या जगात अन्य कोठेही बोलली जात नाही.

ते तिला 'नौ लिंग' म्हणतात, म्हणजे 'आपली भाषा'. बोलणारे असतील हजारभर. शब्द बहुतेक पोर्तुगीज वंशाचे, पण वाक्याची ठेवण आपली: कर्ता, कर्म, क्रियापद, मराठीत असते तशी. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने येथे राहून या भाषेचा अभ्यास केला आणि १९९६ साली तिच्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. पोर्तुगीज १७४० साली गेले, त्यांचे शिपाई गेले, शहर ओस पडले. जे उरले ते मराठी मुलखाच्या मधोमध, शेतात आणि समुद्रावर राबणारे गरीब लोक होते. त्यांची भाषा राखण्यासाठी कोणी हुकूम काढला नाही, अनुदान दिले नाही, तिच्यात शाळा निघाली नाही. तरीही ती पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ जगली.

येथे भाबडेपणा नको. ही भाषा टिकण्यामागे एक कटू कारणही आहे. धर्माने वेगळे आणि जातीने खालचे मानले गेल्यामुळे या लोकांशी रोटी-बेटीचा व्यवहार कोणी ठेवला नाही. एकटे पडलेल्या माणसांनी आपसात बोलायची भाषा जपली. तो एकांत त्यांनी मागितला नव्हता. परंतु त्या एकांतात त्यांनी जे केले ते मात्र त्यांचे स्वतःचे होते.

मंदिराच्या आवारात एक वृद्ध बाई मासळीची रिकामी पाटी शेजारी ठेवून सावलीत बसल्या होत्या. माझा झगा पाहून उठू लागल्या. मी म्हटले, "मावशी, बसा. मी तुमच्याच शेजारी बसतो." त्या चांगले मराठी बोलत होत्या. मी वसईचा आहे हे कळल्यावर त्यांना आनंद झाला. मी त्यांच्या भाषेची चौकशी सुरू केली; विद्वानांनी तिच्यावर ग्रंथ लिहिले आहेत, ती अनमोल आहे, ती मुलांना शिकवा, असे बरेच काही बोललो. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "फादर, आमची नातवंडं मराठी बोलतात. शाळा मराठी, मिस्सा मराठी, नोकरीला गेलं तर मराठी. मराठीचा उपयोग आहे ना!"

वाचकहो, हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकले आहे. आमच्या धर्मग्रामातील प्रत्येक पालक मला हेच सांगतो. फक्त 'मराठी' या शब्दाच्या जागी तो 'इंग्रजी' म्हणतो. मराठीचा कैवार घेऊन मी आयुष्यभर लिहीत आलो, आणि येथे कोर्लईत कळले की माझी मराठीच कोणाच्या तरी घरातली इंग्रजी आहे.

त्या पुढे म्हणाल्या, "प्रार्थना मराठीत म्हणतो. पण पोराला निजवायचं, कुणावर रागवायचं, मयताला रडायचं, तर ते आमच्याच भाषेत येतं." मग थोड्या थांबून त्यांनी विचारले, "तुमच्या वसईतपण वेगळी बोली आहे ना? तुमच्या घरी काय बोलता?"

मी म्हटले, "आम्ही सामवेदी. आमची बोली कादोडी."

"मग तुमच्या भावांची पोरं तीच बोलत असतील."

मी गप्प राहिलो. माझ्या दोन्ही भावांची मुले इंग्रजी बोलतात. मराठी त्यांना समजते. कादोडीत कोणी बोलले तर ती हसतात.

"तुमच्या बोलीत 'आमच्या बापा' म्हणून दाखवा ना, फादर," त्या म्हणाल्या. मी तोंड उघडले आणि मला ते येईना. ज्या बोलीत मी माझ्या आईशी तिच्या अखेरच्या दिवसापर्यंत बोललो, त्या बोलीत मी कधी देवाशी बोललो नव्हतो. लहानपणी प्रार्थना ग्रांथिक मराठीत शिकवल्या गेल्या. सेमिनरीत माझ्या उच्चारांना सोबती हसत, म्हणून मी ते घासूनपुसून काढले. पुढे धर्मशिक्षणाच्या वर्गात एखादे पोर कादोडी हेल काढून उत्तर देई, तेव्हा मीच म्हणत असे, "नीट बोल, शुद्ध बोल." त्या पोरांनी माझे ऐकले. आधी ती 'शुद्ध' बोलू लागली आणि नंतर, आणखी शुद्ध व्हावे म्हणून, इंग्रजी बोलू लागली. सात-आठ वर्षांपूर्वी मुलांसाठी म्हणून रविवारी साडेनऊची इंग्रजी मिस्सा मी स्वतःच सुरू केली. आज सातच्या मराठी मिस्सेला पांढरे केस दिसतात आणि धर्मशिक्षणाच्या मराठी वर्गात बोटांवर मोजता येतील इतकी मुले उरली आहेत. कोणत्याही सरकारने हे केले नाही. कोणत्याही शत्रूने तट फोडला नाही. आम्ही आतून दरवाजा उघडला.

आता या विषयावर नेहमी घेतले जाणारे आक्षेप येतील. त्यांना उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

पहिला आक्षेप पोटाचा आहे. इंग्रजीवाचून नोकरी नाही. मान्य आहे. इंग्रजी शिकवा आणि उत्तम शिकवा. पण कोर्लईचा माणूस बाजारात मराठी बोलत होता आणि घरी आपली भाषा बोलत होता, आणि हे त्याने पिढ्यान्‌पिढ्या केले. त्याला कोणी सांगितले नव्हते की एक भाषा आत येण्यासाठी दुसरी बाहेर काढावी लागते. आपल्याकडे मुलाला इंग्रजी नीट यावी म्हणून आईवडील घरात मोडके इंग्रजी बोलतात. त्याने इंग्रजी सुधारत नाही, फक्त आजी एकटी पडते. पोटासाठी भाषा शिकणे वेगळे आणि प्रतिष्ठेसाठी भाषा टाकणे वेगळे. दुसऱ्याला पहिल्याचे नाव देऊ नये.

दुसरा आक्षेप भक्तीचा वेष घेऊन येतो. 'देवाला सगळ्या भाषा कळतात, मग कशातही प्रार्थना केली म्हणून काय बिघडले?' देवाला कळतात यात शंका नाही. प्रश्न आपल्याला काय कळते हा आहे. पेंटेकॉस्टच्या दिवशी येरुशलेममध्ये जमलेल्या नाना देशींच्या लोकांना पवित्र आत्म्याने एक भाषा दिली नाही. प्रत्येकाला आपापल्या जन्मभाषेत ऐकू आले, हाच तेथला चमत्कार होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेत लोकभाषांना दार उघडले ते याच विश्वासाने. आपण त्या दारातून लॅटिन बाहेर काढली आणि पन्नास-साठ वर्षांत तिच्या जागी दुसरी परकी भाषा आणून बसवली. लॅटिन निदान सर्वांनाच सारखी परकी होती.

तिसरा आक्षेप सुशिक्षितांचा आहे. 'बोलीत धर्मविचार कसा मांडणार? ती ओबडधोबड आहे.' हाच आक्षेप एके काळी मराठीवर घेतला जाई. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. जन्माने ते इंग्रज होते, सत्ता पोर्तुगीजांची होती, विद्येची भाषा लॅटिन होती. तरीही १६१६ साली राशोल येथे त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले, आणि ते मराठीत. इंग्लंडमधून आलेला माणूस आपल्या लोकांसाठी ओवी शिकला, आणि आपण ओवी म्हणणाऱ्या आईच्या पोटी जन्मून मुलांना इंग्रजी स्तोत्रे शिकवतो. स्वतः प्रभू गालीलच्या लोकांत त्यांचीच बोली बोलला. त्या बोलीचा हेल असा होता की प्रमुख याजकाच्या वाड्यात पेत्राने कितीही नाकारले, तरी त्याच्या बोलण्यावरून तो कोणाचा हे लोकांनी ओळखले. आपण अधिक हुशार निघालो. कोणी ओळखू नये म्हणून आपण आधीच बोली बदलून ठेवली आहे. कोंबडा आरवायचा तेव्हा आरवो.

चौथा आक्षेप कोर्लईवरच आहे. 'ती भाषा तर परकीयांची. ती मेली म्हणून काय झाले?' ज्यांना असे वाटते त्यांनी उद्यापासून पाव, बटाटा, पगार, चावी, लिलाव आणि घमेले हे शब्द वापरू नयेत. तेही पोर्तुगीजांकडूनच आले आहेत. भाषा कोठून आली याने ती कोणाची हे ठरत नाही. जो तिच्यात रडतो त्याची ती असते. सत्तेच्या हुकमाने भाषा जगत नाही, तशी मरतही नाही. १६८४ साली गोव्याच्या व्हाइसरॉयने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे. कोंकणी मेली नाही, कारण घराघरांत आया ती बोलत राहिल्या. उलट कोर्लईत पोर्तुगीज राज्य जाऊनही तेथली बोली उरली, आणि कारण तेच: घराघरांत आया ती बोलत राहिल्या. एकीकडे सत्ता विरुद्ध होती, दुसरीकडे सत्ताच नव्हती. दोन्हीकडे निकाल चुलीपाशी लागला. आज आपल्या चुलीपाशी काय बोलले जाते एवढे प्रत्येकाने पाहावे.

आणखी एका गोष्टीविषयी सावध केले पाहिजे. २०२४ च्या जानेवारीत न्हावा-शेव्याचा सागरी पूल खुला झाला आणि मुंबई व अलिबाग यांतले अंतर कमी झाले. रेवदंडा आता फार दिवस शांत राहणार नाही. आपल्यातलेच काही उत्साही लोक म्हणू लागले आहेत की चौल-कोर्लईला 'ख्रिस्ती वारसा सहली' काढाव्यात, तेथल्या माणसांना पारंपरिक वेषात गायला लावावे, त्यातून त्यांना रोजगारही मिळेल. हेतू वाईट नसेल. पण ज्या बाईने मला निजवण्याची, रागवण्याची, रडण्याची भाषा सांगितली, तिला शनिवार-रविवारच्या पाहुण्यांपुढे ती भाषा गाऊन दाखवायला लावणे म्हणजे तिला जिवंतपणीच संग्रहालयात ठेवणे होय. वसईच्या किल्ल्यात आज काय चालते ते आपण पाहतो. वेदीच्या जागी नवरा-नवरीची छायाचित्रे निघतात आणि आपण म्हणतो, 'आपला वारसा.' कोर्लईला जायचे असेल तर पाहुण्यासारखे जावे, रविवारी त्यांच्या मिस्सेला बसावे, त्यांच्याकडून मासळी विकत घ्यावी, आणि त्यांनी विचारलेल्या प्रश्नाला खरे उत्तर देता येईल अशी तयारी करून जावे. माझी तयारी नव्हती.

संध्याकाळी परत निघताना मावशी वस्तीच्या टोकापर्यंत पोहोचवायला आल्या. वाटेत एका घराच्या ओट्यावर एक तरुण आई मुलाला भरवत होती. ती त्याच्याशी मराठी बोलत होती. मावशींनी जाता जाता त्या पोराला त्यांच्या भाषेत काहीतरी म्हटले. पोर खुदकन हसले आणि त्याने एका शब्दात उत्तर दिले. तो शब्द मला कळला नाही. मावशींनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "समजतं त्याला. बोलेल की नाही, ते देवाला ठाऊक."

रेवदंड्याच्या थांब्यावर बसची वाट पाहताना मी काही गोष्टी ठरवल्या. त्या येथे जाहीरपणे लिहितो, म्हणजे माघार घेता येणार नाही. साडेनऊची इंग्रजी मिस्सा मी बंद करणार नाही. जी दारे आपण उघडली ती मुलांच्या तोंडावर आपटण्यात अर्थ नाही. परंतु धर्मशिक्षणाच्या वर्गात यापुढे कोणत्याही मुलाला 'नीट बोल' म्हणणार नाही. दर शुक्रवारी एका घरी जाऊन त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाबरोबर कादोडीत रोझरी म्हणण्याचा प्रयत्न करीन. चुका होतील, त्या ती माणसे सुधारतील. पावसाळ्यानंतरच्या युवकांच्या सहलीची बस रेवदंड्याला थांबेल. मुरूड राहिले तरी चालेल.

तुमच्याकडे माझे मागणे त्याहून लहान आहे. तुमच्या घरात कादोडी असेल, वाडवळी असेल, ईस्ट इंडियनांची बोली असेल, नाहीतर साधी मराठी असेल. आज रात्री जेवणापूर्वीची प्रार्थना तिच्यात म्हणून पाहा. जमली नाही तर आजीला विचारा. आजी नसेल तर शेजारच्या आजीला विचारा. आणि ती कशी म्हणायची हे कळले की एका कागदावर लिहून या त्रैमासिकाकडे पाठवा, शुद्धलेखनाची पर्वा न करता. संपादकांनी जागा दिली तर ते कागद आपण एकेक करून छापू.

ज्या मुलाने मला भिंतीविषयी विचारले होते तो आता कॉलेजात आहे. त्याला मी अजून उत्तर दिलेले नाही. बस तटबंदीतून आत शिरेल आणि कंडक्टर नसला तरी मीच हाळी देईन, तेव्हा तो उतरला तर त्याला मावशींकडे घेऊन जाईन. भिंतीविषयी त्याच सांगतील.